भाची बोलत नाही, पण गाडी-गाडी खेळत राहते. काय करावं?

निशिगंध_

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. विभाग चुकला असेल तर धागा हलवावा.

चार महिन्यांपूर्वी माझी ताई, भाऊजी आणि त्यांची मुलगी (वय ७) रात्री गाडीने परत येत होते. समोरून चुकीच्या बाजूने ट्रक आला. भाऊजी जागीच गेले. ताईचं कमरेचं आणि मांडीचं हाड मोडलं, तीन ऑपरेशन्स झाली, ती अजून हॉस्पिटलमध्येच आहे. भाची मागच्या सीटवर होती. कपाळाला चार टाके, बाकी काही नाही. येणारा प्रत्येक माणूस म्हणतो, "पोरीला बघा, काही म्हणता काही झालं नाही."

तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. मला स्वतःचं मूल नाही, त्यामुळे या वयाच्या मुलीचं साधं वागणं कोणतं आणि काळजीचं कोणतं, हेच मला नीट कळत नाही. जसं आठवेल तसं लिहिते. रात्री अंथरूण ओलं होतं, जे तिचं तिसऱ्या वर्षीच सुटलं होतं. दोनच्या सुमाराला उठते, रडत नाही, नुसती भिंतीला टेकून बसते. मी बाथरूमला गेले की दाराबाहेर उभी. पोट दुखतं म्हणते, तपासण्या सगळ्या ठीक आल्या. वर्गात बाईंनी टेबलावर पट्टी आपटली तर हिने शेजारच्या मुलाला ढकलून दिलं. पाण्याची बाटली शाळेत न्यायची नाही म्हणते. दोन नव्या आणल्या, दोन्ही 'हरवल्या', त्यातली एक मला कचऱ्याच्या डब्यात सापडली. गाडीत बसायला मात्र कुरकुर करत नाही, हे आम्हाला चांगलं लक्षण वाटलं.

आणि तो खेळ. सोफ्याच्या दोन उशा म्हणजे गाडी. पुढे अस्वल आणि बाहुली, मागे छोटा ससा. समोरून स्टीलचा डबा सरकत येतो, धाड. अस्वल पडतं, बाहुली पडते, ससा तसाच बसलेला. मग परत सगळ्यांना जागेवर बसवायचं. पाऊण पाऊण तास. खेळताना मुलं बडबडतात, हसतात, हिचे ओठ घट्ट मिटलेले. मी डबा लपवून ठेवला तर तिने बूट घेतला.

आई म्हणते, विषय काढू नका, मुलं विसरतात. नवरा म्हणतो, एकदा समोर बसवून सगळं बोलतं करू, मोकळी होईल. शाळेने एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) तपासणी करून घ्या म्हणून चिठ्ठी दिली आहे. डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली आहे, ती अजून सुरू केलेली नाही. हॉस्पिटलमध्ये तिला नेलेलं नाही, ताईचं ते रूप बघवणार नाही म्हणून. बाबांबद्दल आधी "बाहेरगावी गेलेत" सांगितलं होतं, दहा दिवसांनी "देवाघरी गेलेत" सांगितलं. तिने फक्त मान हलवली.

कोणी यातून गेलं असेल तर लिहा.

जुनं खोड

ताई, वाचून वाईट वाटलं. पण सत्तरी ओलांडलेला माणूस म्हणून स्पष्ट लिहितो. मी नऊ वर्षांचा असताना पावसात घराची भिंत पडून माझा पाठचा भाऊ गेला. तेव्हा कोणी कौन्सेलर आणला नाही. घरात त्याचं नाव निघत नसे. शिकलो, नोकरी केली, संसार केला. मुलं रबरासारखी असतात, ताणली तरी मूळपदावर येतात. पोरीला खाऊपिऊ घाला, जवळ घेऊन झोपवा. हल्ली प्रत्येक गोष्टीला रोगाचं नाव देण्याची टूम निघाली आहे.

चिकित्सक

खोडकाका, तुम्ही अर्धे बरोबर आहात. म्हणूनच तुमचा प्रतिसाद धोक्याचा आहे. :)

२०१४ साली जगभरच्या अभ्यासांचं एकत्र विश्लेषण झालं होतं. भयंकर प्रसंगातून गेलेल्या मुलांपैकी साधारण १६ टक्क्यांना पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मागे राहणारा मनाचा विकार) झाला असं त्यात निघालं. म्हणजे बहुसंख्य मुलं खरंच सावरतात, तेही घरच्यांच्या आधारावर. पण उरलेली 'आपोआप' सावरत नाहीत. वेल्समध्ये अ‍ॅबरफॅन गावी १९६६ साली कोळसाखाणीच्या मातीचा ढिगारा शाळेवर घसरला, ११६ मुलं गेली. त्या शाळेतून जी वाचली त्यांना ३३ वर्षांनी तपासलं तर दहापैकी जवळजवळ तिघांना तेव्हाही पीटीएसडी होता. नोकरी-संसार त्यांनीही केलेच असणार.

पहिल्या महिन्यात असं काही दिसलं असतं तर मीही थांबा, बघा म्हटलं असतं. चार महिने झालेत. आता वाट बघण्यात अर्थ नाही.

शाईचा_डाग

मी प्राथमिकला शिकवते. त्या चिठ्ठीबद्दल शाळेवर रागावू नका, आमच्या प्रशिक्षणात एडीएचडीची यादी पाठ करून घेतात आणि ट्रॉमाचं, म्हणजे मनाला बसलेल्या धक्क्याचं, पान बहुतेक वेळा नसतंच. बाहेरून दोन्ही सारखं दिसतं. पण लक्ष नसणं वेगळं आणि लक्ष भलतीकडे असणं वेगळं. तुमच्या भाचीचं लक्ष बहुधा दारावर, आवाजावर, कोण कुठे उठलं यावर आहे. तिचं शरीर पहारा देतंय, तेव्हा तिला पाढे कुठून ऐकू येणार? निदानाची घाई करू नका, आणि तपासणी करणाऱ्याला अपघाताचं पहिल्या वाक्यात सांगा. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या अर्जात तो प्रसंग कोणी लिहिलाच नव्हता, वर्षभर आम्ही त्याला चंचल समजत राहिलो.

शाळेला एवढं मागा. तिला भिंतीजवळ, दार दिसेल अशी जागा. पाठीमागे कोणी नको. घंटा, फटाका, आग लागल्याची कवायत, मोठा आवाज होणार असेल तर आधी तिच्या कानात सांगायचं. एक रंगीत कार्ड द्यायचं, ते बाकावर ठेवलं की न विचारता पाच मिनिटं बाहेर जाता येईल. आणि वर्गात कोणीही, बाईंनीसुद्धा, "काय झालं होतं गं तेव्हा?" असं विचारायचं नाही. माझ्याकडच्या त्या मुलाने कार्ड पहिल्या आठवड्यात अकरा वेळा वापरलं, महिन्याभराने एकदाही नाही, पण दप्तरात ठेवायचा रोज.

पाऊलवाट

निशिगंध, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, मुलांसोबतच काम करते. इथून निदान करता येत नाही, करणारही नाही. पण तुम्ही इतकं बारकाईने बघितलंय की निम्मं काम तुम्हीच केलंय.

आधी खेळाबद्दल. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या चौचिला गावात २६ मुलांची शाळेची बस बंदूकधाऱ्यांनी पळवली आणि मुलांना जमिनीत पुरलेल्या ट्रकच्या डब्यात कोंडलं. सुमारे सोळा तासांनी ती आणि त्यांचा ड्रायव्हर स्वतःच उकरून बाहेर आले. एकालाही शारीरिक इजा नाही. तेव्हाही सगळे हेच म्हणाले, मुलांना काही झालं नाही. लेनोर टेर या मनोविकारतज्ज्ञ त्या मुलांना भेटत राहिल्या, चार-पाच वर्षांनी पुन्हा गेल्या, तर एकही मूल त्या प्रसंगाच्या खुणांतून पूर्ण सुटलेलं नव्हतं. तुम्ही लिहिलाय तसा खेळ त्यांनी तिथे पाहिला. तोच, तसाच, पुन्हा पुन्हा, आणि खेळून मूल हलकं होत नाही. साध्या खेळात गोष्ट पुढे सरकते. या खेळात ती धाडपाशी अडकलेली असते.

डबा लपवू नका. शेजारी जमिनीवर बसा. दिसतंय तेवढंच बोला, "ससा मागे बसलाय. डबा आला. सगळे पडले." दोन-तीन दिवसांनी हळूच विचारा, "आता मदतीला कोणी येतं का?" तिने नाही म्हटलं तर नाही. स्वतःला लागेल असं काही करायला लागली किंवा खेळानंतर जास्तच बिथरली तर मात्र खेळ थांबवून तिला कुशीत घ्या, आणि माझ्यासारख्या कोणाला तरी लवकर गाठा.

बोलावं की नाही, यात आई आणि नवरा दोघेही थोडे थोडे चुकतात. समोर बसवून एका बैठकीत सगळं वदवून घ्यायची पद्धत मोठ्यांवर वापरून झालीय. तिचा उपयोग दिसला नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेसकट बहुतेकांनी ती सोडली. आणि आपण विषयच काढला नाही की मूल एवढंच शिकतं की ही गोष्ट इतकी भयंकर आहे की मोठ्यांनाही बोलवत नाही. दार उघडं ठेवायचं, आत ढकलायचं नाही. जेवताना सहज "तुझ्या बाबांना हे गाणं आवडायचं" एवढं म्हणून भाजी वाढायची. बस्स.

'देवाघरी' बदला, प्लीज. श्रद्धेबद्दल बोलत नाहीये. सात वर्षांचं मूल घरी गेलेला माणूस परत येईल म्हणून वाट बघतं, किंवा आपण काय केलं म्हणून तो गेला याचा हिशोब लावतं. "बाबा वारले. त्यांचं शरीर बंद पडलं. त्यांना आता दुखत नाही, आणि ते परत येऊ शकत नाहीत." ही वाक्यं म्हणताना तुमचा आवाज फाटेल. फाटू द्या.

गोळीबद्दल: डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू-बंद करू नका, पण हे विचारा. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०१८ सालची मार्गदर्शक तत्त्वं अठरा वर्षांखालच्या मुलांना पीटीएसडीसाठी औषध देऊ नका असंच सांगतात. सोबत नैराश्य किंवा दुसरं काही असेल तर वेगळी गोष्ट.

हॉस्पिटलचं उद्या लिहिते, आता पेशंट आहे.

अबोल

मी ते मूल होते. अपघात नाही, आग. आठ वर्षांची. काय गेलं ते लिहीत नाही.

घरात कोणी बोलत नसे. मी एकदाच विचारलं, तर आजी उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी ठरवलं की मी बोलले की माणसं आत जातात. मग मी खूप गुणी झाले. पहिला नंबर, नाटकात काम, कधी हट्ट नाही. सगळ्यांना वाटलं सावरली. मी रात्री सगळ्यांच्या नाकाशी बोट धरून श्वास तपासायचे, एक एक करून, पाच जणांचे. कोणाला कळलं नाही. चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं.

खोडकाका, तुमच्यावर नाही लिहिलं. पण "नाव निघत नसे" वाचलं आणि झोप उडाली.

टिटवी

निर्वासितांच्या छावणीत दोन वर्षं काम केलंय. तिथे मुलांसोबत एक पद्धत वापरायचो, सांगते, कदाचित तुमच्या कौन्सेलरला माहीत असेल. मुलाच्या हातात लांब दोरी द्यायची. जमिनीवर पसरायची. हे तुझं आयुष्य, इथे तू जन्मलास. चांगल्या आठवणीला फूल, वाईट आठवणीला दगड, मोठी आठवण तर मोठा दगड. मग क्रमाने एकेका फुला-दगडाबद्दल बोलायचं, कोण होतं, कसला वास येत होता, तेव्हा अंगात काय झालं, आणि आत्ता काय होतंय. 'तेव्हा' आणि 'आत्ता' वेगळे करायचे, सगळा खटाटोप त्याचसाठी. दोरीचं टोक मात्र पसरायचं नाही, वेटोळं करून ठेवायचं. पुढचं आयुष्य.

एका मुलाने मला अख्खी दोरी दगडांनी भरून दाखवली, आणि नंतर खिशातून चुरगळलेलं एक फूल काढून पहिल्या दगडाच्याही आधी ठेवलं. म्हणाला, कोंबडी होती आमच्याकडे.

(अवांतर: हे घरी स्वतः करून बघू नका. दगड उचलायला शिकलेलं माणूस लागतं.)

पाऊलवाट

हॉस्पिटल. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम तिथे मुलांसाठी पाळणाघरं चालवत होत्या. बॉम्बपेक्षा आईपासून तुटण्याने मुलं जास्त विस्कटतात, आई शेजारी शांत असेल तर बॉम्बही बराचसा निभतो, असं त्यांनी नोंदवलं. तुमच्या भाचीने एका रात्रीत बाबा गमावले, आणि आई दिसेनाशी झाली. "आई बरी होतेय" हे तिने नुसतं ऐकलंय. बाबांबद्दलही तिने आधी "बाहेरगावी" ऐकलं होतं. ती का विश्वास ठेवेल?

न्या तिला. आधी फोटो दाखवा, नळ्या, वॉकर, पायातले गज, सगळं. ताईला आधी सांगा की रडलं तरी चालेल, फक्त "आई तुझ्यामुळे नाही रडत" एवढं तोंडाने म्हणायचं. पहिली भेट दहा मिनिटांची. कधी निघायचं ते मुलगी ठरवेल.

आणि एक राहिलंच. मला खेळापेक्षा बाटली खटकतेय. मुलं त्या रात्रीचं काहीतरी एक धरून ठेवतात. चौचिलाच्या मुलांमध्येही टेरना हे सापडलं होतं, आधी काहीतरी खूण झाली होती, आपण ती ओळखायला हवी होती, असं मुलं मनाशी जुळवत बसली होती. बाटलीबद्दल तिला विचारू नका. थेरपिस्टला मात्र नक्की सांगा.

निशिगंध_

सगळ्यांचे आभार. नवऱ्याने अख्खा धागा वाचला, आईला वाचून दाखवला. आई अबोल यांच्या प्रतिसादाशी थांबली आणि म्हणाली, पुढचं उद्या वाच.

'वारले' हा शब्द मी काल वापरला. तिने विचारलं, "म्हणजे फोन पण नाही?" मी म्हटलं, नाही. मग ती म्हणाली, "मला वाटलंच होतं," आणि माझ्या मांडीवर पाय टाकून झोपली. दोन वाजता उठली नाही. आज परत उठली.

जुनं खोड

अबोल, तुमचं लेखन बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आपला पलंग चाळीस वर्षं भिंतीला लावू दिलेला नाहीत, तेही लिहा तिथे. लिहिलं.

चिकित्सक

खोडकाका _/\_

निशिगंध, थेरपिस्ट शोधताना नुसतं 'मुलांचे कौन्सेलर' एवढ्यावर जाऊ नका. सरळ विचारा: ट्रॉमा झालेल्या मुलांसाठी कोणती पद्धत वापरता, आणि त्यात माझा सहभाग किती? मुलांसाठी सगळ्यात जास्त तपासली गेलेली पद्धत म्हणजे ट्रॉमाकेंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्यावर काम करणारी थेरपी), कोहेन, मॅनारिनो आणि डेब्लिंजर या तिघांनी बांधलेली. साधारण १२ ते १६ सेशन्स, वय ३ ते १८, आणि सांभाळणाऱ्या मोठ्या माणसाची जवळजवळ तितकीच सेशन्स. ईएमडीआरही (डोळ्यांच्या हालचाली करत आठवणीवर काम करायची पद्धत) मुलांसाठी वापरतात. "मुलीला सोडा आणि तासाभराने न्या" म्हणणारा असेल तर दुसरा बघा. दर वेळी नुसतं चित्र काढून घेणारा आणि अपघाताच्या जवळही न जाणारा असेल तरीही.

निशिगंध_ (तीन आठवड्यांनी)

अपडेट. तिसऱ्या प्रयत्नात माणूस मिळाला. पहिल्या ठिकाणी तिच्यासमोरच मला विचारलं, "हिने बॉडी बघितली का?" मी तिला घेऊन तशीच उठले. दुसऱ्या ठिकाणी चार महिन्यांची वेटिंग लिस्ट. आत्ताच्या बाईंकडे तीन सेशन्स झाली. अपघाताबद्दल अजून एक शब्द नाही. पोटात फुगा आहे असं समजून श्वास घ्यायचा, भीती अंगात कुठे बसते ते बाहुलीच्या चित्रावर रंगवायचं. हिने भीती मानेत रंगवली. नेमकी मानेच्या मागे. माझं सेशन वेगळं होतं. त्यात बहुतेक वेळ मीच रडते. फी त्याचीच घेत असाव्यात.

हॉस्पिटलमध्ये नेलं. दारात थांबली. आत जाईना, मागेही जाईना. ताई काही बोलली नाही, फक्त हात चादरीवर उघडा ठेवला. बऱ्याच वेळाने हिने पहिला प्रश्न विचारला तो आईला नाही, नर्सला. "पलंगाला चाकं का आहेत?" नर्स म्हणाली, इकडे तिकडे न्यायला. "ब्रेक लावलाय?" नर्सने पायाने ब्रेक दाबून दाखवला. मग हिने चारही चाकं वाकून स्वतः तपासली आणि पलंगावर चढली.

शाईचा_डाग

ब्रेक. अरे देवा.

निशिगंध_ (अजून तीन महिन्यांनी)

पाऊलवाट, हे तुमच्यासाठी आहे, पण सगळ्यांनी वाचावं.

ती गेले काही आठवडे बाईंसोबत तिची गोष्ट लिहीत होती, एकेका प्रकरणाने. पहिलं प्रकरण अपघाताचं नव्हतंच, 'माझे बाबा' असं होतं. त्यात बाबांची शिट्टी, बाबांचे पाय गार असतात, असलं सगळं. प्रत्येक प्रकरण बाई आधी मला एकटीला वाचून दाखवायच्या, म्हणजे तिच्यासमोर ऐकताना मी कोसळणार नाही. पाचव्या प्रकरणात बाटली आली.

तिला तहान लागली होती. तिने बाटली मागितली. दोनदा मागितली, दुसऱ्यांदा ओरडून. मग बाबांनी मागे हात केला, बाबांचं लक्ष रस्त्यावरून उडालं, ट्रक आला. सात महिने ती हे घेऊन फिरत होती. आम्ही तिच्या हातात नवनव्या बाटल्या देत होतो.

बाईंनी एक गोल काढून दिला होता, चूक कोणाची किती ते रंगवायला. जवळजवळ सगळा गोल तिने स्वतःच्या रंगाने भरला होता. ट्रकला एक बारीक फाक, नखाएवढी.

बाईंनी घाई केली नाही, "तुझी चूक नाही गं" असं म्हटलंही नाही. (मी तेच म्हटलं असतं, दहा वेळा.) त्यांनी ताईला बोलावलं. ताई आता वॉकरवर येते. त्यांनी ताईला आधी वेगळं बसवून ते प्रकरण वाचून दाखवलं, मी बाहेर होते, आतला आवाज ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी मायलेकी एकत्र बसल्या. ताई म्हणाली, "बाटली मी दिली तुला. बाबांनी नाही. माझ्या पायाशी होती. तू पाणी प्यायलीस, झाकण लागत नाही म्हणून मला परत दिलीस. ते झाल्यावर गाणं लागलं, ते संपलं, दुसरं लागलं, तेव्हा ट्रक आला. बाबांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते."

भाचीने विचारलं, "कोणतं गाणं?" ताईने सांगितलं. तिने ते आठवून बघितलं, चेहऱ्यावर दिसत होतं म्हणे. मग म्हणाली, "हो. झाकण लागत नव्हतं."

गोल परत काढला. या वेळी सगळा ट्रकचा. एका कडेला पेन्सिलचा एक ठिपका तिने स्वतःसाठी ठेवला. बाईंनी विचारलं, हा पुसायचा का? म्हणाली, "राहू दे थोडासा." बाई म्हणाल्या, बरं.

अबोल

ठिपका समजला.

टिटवी

म्हणूनच घाईने "तुझी चूक नाही" म्हणू नये. मूल हिशोब मांडून बसलेलं असतं, त्याला आकडे बदलून हवे असतात, नुसता दिलासा नको असतो. ताईंनी आकडे दिले. धैर्याची बाई आहे तुमची ताई. तिच्यासाठी कोणी आहे का? नवरा गेलाय तिचा. सगळा धागा मुलीचा झाला, बरोबरच आहे, पण तिचंही बघा.

निशिगंध_

टिटवी, हो. ताई पुढच्या आठवड्यापासून स्वतःसाठी जाणार आहे. दोनदा रद्द केलं, तिसऱ्यांदा मी सोबत जातेय.

अंथरूण कोरडं आहे, बहुतेक दिवस. उशांची गाडी महिन्याभरात एकदाच काढली, त्यात नर्स म्हणून एक कंगवा आला होता. एडीएचडीची तपासणी बाईंनी तूर्त पुढे ढकलली. शाळेतलं कार्ड मिळालं, पिवळं. आणि आई परवा आपणहून भाऊजींच्या शिट्टीची नक्कल करत होती, भाचीने तिला दोनदा चुकीची आहे म्हणून थांबवलं.

आता एक साधा प्रश्न, याच धाग्यावर विचारते. ताई घरी आल्यापासून आम्ही गाडीने फिजिओथेरपीला जातो. निघायच्या आधी भाची सगळ्यांचे सीटबेल्ट तपासते. माझा, ताईचा, नवऱ्याचा, मग परत पहिल्यापासून, असं तीनदा. ओढून बघते. ताईला पुढच्या सीटवर बसू देत नाही. आम्ही रोज दहा मिनिटं उशिरा पोचतो. तिला अडवावं की चालू द्यावं? अडवलं तर रडत नाही, पण मान आखडते, तिथेच, मागे.

पाऊलवाट

अडवू नका. पण तिन्ही फेऱ्याही तशाच सोडू नका, तपासण्याने भीती पोसली जाते. हे तिच्या बाईंच्या कानावर घाला. माझ्या मते आधी तिच्याशी ठरवून तीनवरून दोनवर आणा, दुसरी फेरी फुग्याचा श्वास घेत घेत. पुढच्या सीटचं इतक्यात नको.

जुनं खोड

दोन ठीक आहे. मी अजून दोनवरच आहे.